मुद्द्याचं लिही ना!

'विज्ञान : शाप की वरदान?' हा निबंध आपण सगळ्यांनी लिहिलाय. पण त्यात आपलं स्वतःचं मत काय होतं, आठवतंय? नाही ना? कारण ते कुणी विचारलंच नव्हतं. नववीच्या मुलांना कागदावर वाद घालायला शिकवणाऱ्या एका शनिवारच्या वर्गाची ही गोष्ट. थोडी त्यांची, बरीचशी आपलीही.

सोमवार सकाळ. शुक्रवारी रात्री साडेनऊपर्यंत ऑफिसात बसून तुम्ही बॉसला एक मेल लिहिलेला असतो. टीमला अजून एक माणूस का हवा, याबद्दल. त्यात प्रोजेक्टचा इतिहास असतो, क्लायंटचा स्वभाव असतो, मागच्या वर्षी कोण कसं सोडून गेलं हेही असतं. चांगले चार परिच्छेद! आणि बॉसचं उत्तर येतं एका ओळीचं : 'ओके, पण पॉइंट काय?'

मग आपण चिडतो. मशिनचा बेचव चहा पिता पिता 'याला वाचायलाच नको' म्हणून बॉसच्या नावानं खडे फोडतो. पण खरं सांगा, त्या मेलमध्ये पॉइंट होता का? असला तरी तो तिसऱ्या परिच्छेदाच्या शेवटी, कंसात वगैरे असणार. मी स्वतः फ्रीलान्स लिहिते. 'छान लिहिलंयस गं, पण तुला म्हणायचंय काय?' हे वाक्य मी इतक्या संपादकांकडून ऐकलंय, की आता त्याची रिंगटोन करायची तेवढी बाकी आहे.

ही भानगड नेमकी कुठे सुरू होते, ते मला कळलं गेल्या वर्षी जूनमध्ये.

माझी एक मैत्रीण हिंजवडीत आयटीत आहे. दर शनिवारी सकाळी ती पुण्याच्या कडेच्या एका वस्तीजवळच्या शाळेत मुलांना गणित शिकवायला जाते. एकदा म्हणाली, "अगं, तू मास कॉम केलंयस ना? मग यांचा निबंध घे. मला त्यातलं काही कळत नाही." मला वाटलं, निबंध काय, डाव्या हाताचा मळ! दोन तासांत उरकू.

आजचे युग हे...

पहिल्या शनिवारी फळ्यावर विषय लिहिला : 'मोबाईल : शाप की वरदान'. वह्या गोळा केल्या आणि घरी येऊन वाचायला बसले. जवळजवळ प्रत्येक निबंधाची सुरुवात 'आजचे युग हे विज्ञानाचे युग आहे' अशी. मग एक परिच्छेद फायद्यांचा, एक तोट्यांचा. मग 'नाण्याच्या दोन बाजू असतात'. आणि शेवटी 'अति तेथे माती' म्हणून शुभेच्छा! अक्षर सुंदर, शुद्धलेखन ठीकठाक, सुविचारही जागच्या जागी. फक्त त्या मुलाला किंवा मुलीला काय वाटतं, तेवढं कुठेच नाही.

पुढच्या शनिवारी मी हे वर्गात बोलून दाखवलं. खिडकीजवळच्या बाकावरची एक मुलगी, जी एरवी हजेरीलासुद्धा हळू आवाजात 'हजर' म्हणते, तिनं हात वर केला. म्हणाली, "पण ताई, आमचं मत कुठे लिहायचं? गाईडमध्ये त्याला जागाच नसते."

सॉल्लिड! इतक्या वर्षांत मला हा प्रश्न पडला नव्हता.

दहावीच्या मराठीच्या पेपरात आत्मकथन असतं, प्रसंगलेखन असतं आणि वैचारिक लेखनही असतं. पण बहुतेक मुलं वैचारिकच्या वाटेला जात नाहीत. 'मी नदी बोलतेय' सोपं पडतं. नदीचं मत सांगायला धाडस लागत नाही, स्वतःचं सांगायला लागतं. आणि आता तर मोबाईलला नुसतं सांगितलं की तो दहा सेकंदांत अख्खा निबंध लिहून देतो. तोसुद्धा नाण्याच्या दोन्ही बाजू दाखवतो, बरं का! म्हणजे नुसता नीटनेटका निबंध लिहिता येण्याचे दिवस संपलेच. उरलं काय? आपलं म्हणणं काय आहे ते ठरवणं, आणि समोरच्याला ते पटवणं.

विषय नको, प्रश्न हवा

मग आम्ही पहिला बदल विषयातच केला. 'मोबाईल : शाप की वरदान' यावर वाद होऊच शकत नाही, कारण कुणाचा मोबाईल, कशासाठी, कुठे, हेच त्यात नाही. त्याऐवजी प्रश्न घेतला : 'नववीच्या मुलांना शाळेत मोबाईल आणू द्यावा का?' वर्गात एकदम गलका! प्रश्न चांगला आहे की नाही याची परीक्षा सोपी आहे. एखादा शहाणा माणूस 'हो' म्हणू शकतो आणि दुसरा तितकाच शहाणा माणूस 'नाही' म्हणू शकतो, तरच तो वादाचा प्रश्न. 'झाडे लावावीत का?' हा वादाचा प्रश्न नाही. 'शाळेच्या मैदानाचा एक कोपरा झाडांसाठी द्यावा का?' हा मात्र आहे. क्रिकेट खेळणाऱ्यांना विचारून बघा!

दुसरी पायरी म्हणजे एका वाक्यात मत, आणि त्या वाक्यात 'कारण' हा शब्द हवाच. 'आणू द्यावा, कारण...' पुढे काय, हे सांगता आलं नाही तर ते मत नव्हे, ती आवड. हा फंडा मुलांना पटकन कळला. दोन दिवस एकमेकांना 'कारण?' 'कारण?' करून त्यांनी शिक्षकांना वैताग आणला, असं नंतर कानावर आलं.

तिसरी पायरी कारणं वेगवेगळी करण्याची. एकानं तीन कारणं दिली : मोबाईलवर अभ्यास करता येतो, माहिती मिळते, ज्ञान वाढतं. मी म्हटलं, बाळा, ही तीन कारणं कुठे आहेत? एकच आहे, तीन वेळा कपडे बदलून आलंय. मग आम्ही एक युक्ती केली. प्रत्येक कारण वेगळ्या चिठ्ठीवर लिहायचं. एक चिठ्ठी लपवायची. उरलेल्या वाचून काहीच कमी झाल्यासारखं वाटलं नाही, तर लपवलेली चिठ्ठी कचऱ्यात.

धूर आणि फवारणीची गाडी

आता पुरावा. इथे मी जरा भाव खायचं ठरवलं. फळ्यावर आपल्या न्यायदर्शनातलं जगप्रसिद्ध उदाहरण लिहिलं. डोंगरावर आग आहे, ही प्रतिज्ञा. कारण तिथे धूर आहे, हा हेतू. जिथे धूर तिथे आग, जसं स्वयंपाकघरात, हे उदाहरण. या डोंगरावरही तसाच धूर आहे, हा उपनय. म्हणून डोंगरावर आग आहे, हे निगमन. पाच अवयव, पाच पायऱ्या. अमेरिकेतल्या शाळांमध्ये पाच परिच्छेदांचा निबंध घोटून घेतात. आपल्याकडे पाच पायऱ्यांचा युक्तिवाद शेकडो वर्षांपूर्वीपासून आहे, असं मी ऐटीत सांगितलं. (दोन्हीकडचे पाच म्हणजे एकच पाच नव्हेत, ही कबुली इथे देऊन टाकते.)

मागच्या बाकावरून आवाज आला, "ताई, धूर तर मच्छर मारायच्या गाडीचा पण असतो. तिथे कुठे आग असते?"

वर्ग हसून लोळला. पण बॉस, पोरानं नेमकं वर्मावर बोट ठेवलं होतं! जुन्या नैयायिकांनीही यावर डोकं खपवलंय. लांबून दिसतंय ते खरंच धूर आहे की वाफ? आणि ज्या कारणावर आपण उभे आहोत, ते दर वेळी खरं ठरतं का? कारण नुसतंच कारणासारखं दिसत असेल, तर त्याला त्यांनी नावही देऊन ठेवलंय : हेत्वाभास. स्टीफन टूलमिन या ब्रिटिश तत्त्वज्ञानं १९५८मध्ये 'द युजेस ऑफ आर्ग्युमेंट' या पुस्तकात अशीच एक गोष्ट मांडली. तुमचा दावा आणि तुमचा पुरावा यांच्यामध्ये एक पूल असतो. आपण तो बोलून दाखवत नाही, गृहीत धरतो. आणि वाद कोसळतो तो बहुतेक वेळा त्या पुलावरच.

उदाहरणार्थ, 'माझ्या दादाला मोबाईलमुळे मार्क कमी पडले, म्हणून मोबाईल शाळेत नको.' दावा आहे, पुरावाही आहे. पण मधला पूल? दादाचं झालं तेच सगळ्यांचं होतं, हे कशावरून? आणि मोबाईल शाळेत होता की घरी? त्या दिवसापासून आमच्या वर्गात कमकुवत पुराव्याला नाव पडलं 'फवारणीची गाडी'. कुणी काहीही ठोकून दिलं की मागून आवाज येतो, "ताई, गाडी आली!"

आधी समोरच्याचं ऐका

सगळ्यात अवघड गेला तो पूर्वपक्ष. आपल्या शास्त्रग्रंथांची एक रीत होती. आधी विरोधकाचं म्हणणं नीट मांडायचं, मग त्याला उत्तर द्यायचं. आपण काय करतो? विरोधकाला आधी मूर्ख ठरवतो आणि मग त्याला सहज हरवतो. फॅमिली ग्रुपवर रोज सकाळी हेच चालतं की नाही?

मुलांचंही तेच. 'काही लोक म्हणतात मोबाईल आणू नये, पण ते जुन्या विचारांचे आहेत.' झालं, संपला पूर्वपक्ष! मग आम्ही जोड्या लावल्या. तुझं मत मोबाईलच्या बाजूचं ना? मग विरोधी बाजू तू लिही आणि शेजारच्याला वाचून दाखव. 'हो, मला हेच म्हणायचंय' असं तो म्हणाला, तरच पुढे जायचं. एका मुलाला चार वेळा लिहावं लागलं. पाचव्यांदा लिहायच्या आधी तो म्हणाला, "ताई, आता मलाच त्याचं पटायला लागलंय." म्हटलं, छान! मग तुझं मत बदल, नाहीतर कारण बदल. दोन्ही चालतं.

सव्वाशे नव्हे, पावणेदोनशे वर्षांपूर्वी

या वयाच्या मुलांना हे सगळं जमतं का, असं विचारणाऱ्यांसाठी एक पुरावा पुण्यातलाच आहे. १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये महार-मांगांच्या दुःखावर एक निबंध छापून आला. लिहिणारी मुक्ता साळवे. मांग समाजातली, जेमतेम चौदा वर्षांची, जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेत शिकणारी. म्हणजे आपल्या नववीतलीच म्हणा ना!

तिच्या निबंधाचा सांगाडा बघा. समोरच्याचं म्हणणं ती आधी घेते : वेद आमचेच, ते इतरांनी पाहायचे नाहीत, असं ब्राह्मण सांगतात. मग ती तेच वाक्य पुढे चालवते. तसं असेल तर आमच्याकडे धर्माचं पुस्तक नाही, म्हणजे आम्ही धर्माशिवायच आहोत की! विरोधकाचं गृहीतक घेऊन ते त्याच्याच दारात नेऊन ठेवणं, यापेक्षा नेमका पूर्वपक्ष कुठला? पुरावा म्हणून ती हवेतलं काही देत नाही. डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या बायकांचे हाल ती सांगते. आणि शेवटी आपल्याच माणसांना सांगते की शिका, यावर औषध ज्ञानाचंच आहे.

मी हे वर्गात सांगितलं तेव्हा खिडकीजवळची ती मुलगी एवढंच म्हणाली, "तिला कुणी गाईड दिलं नव्हतं ना."

नाही दिलं. पण तिला सांगायचं काहीतरी होतं.

मोठ्या बाईंना पत्र

इथपर्यंत सगळं मजेत चाललं होतं. दिवाळीनंतर खरी परीक्षा आली.

शाळा दोन वेळची. सकाळी प्राथमिक, दुपारी साडेबारापासून माध्यमिक. दहावीची तयारी म्हणून जानेवारीपासून नववीचे जादा तास घ्यायचे ठरले, तेही शाळा सुटल्यावर, सहा ते साडेसात. हेतू चांगलाच होता. पण थंडीत सहालाच अंधार पडतो, आणि शाळेतून वस्तीकडे जाणारा नाल्याकाठचा रस्ता अंधारा. तीन खांबांवरचे दिवे बंद. मुलं म्हणाली, "मोर्चा काढू!" मुली गप्प. मग खिडकीजवळून तोच हळू आवाज : "आई म्हणाली, एवढ्या उशिरा असेल तर शाळाच नको."

वर्गात शांतता. शाप की वरदान वगैरे सगळं एका क्षणात पोरखेळ वाटायला लागलं.

मुलांनी मोठ्या बाईंना पत्र लिहायचं ठरवलं. पहिला खर्डा : 'आमच्यावर अन्याय होत आहे, तरी कृपया विचार व्हावा.' मी काही बोलायच्या आतच मागून आवाज आला, "ताई, गाडी आली." मग काम सुरू झालं.

मत : जादा तास संध्याकाळऐवजी शाळेच्या आधी घ्यावेत. कारण : नाहीतर ज्यांच्यासाठी तास आहेत, त्यातल्याच बऱ्याच मुली येणार नाहीत. पुरावा : कोणती मुलगी कुठल्या रस्त्यानं जाते, सोबत कोण असतं, घरचे काय म्हणतात, याची यादी. वर्गातल्या १९ मुलींपैकी ११ नाल्याच्या रस्त्यानं जाणाऱ्या. सात घरांनी सरळ 'पाठवणार नाही' म्हटलेलं. आठवडाभर रोज संध्याकाळी जाऊन बंद दिव्यांची नोंदही केली.

आणि पूर्वपक्ष? मोठ्या बाई काय म्हणतील? 'सकाळी खोल्या रिकाम्या नाहीत.' याला काय उत्तर? नुसतं 'काहीतरी करा' म्हणून चालणार नव्हतं. मग दोन मुलं सकाळी लवकर येऊन अख्ख्या शाळेत फिरली. सगळे वर्ग भरलेले. पण प्रयोगशाळा? ती साडेबारापर्यंत कुलूपबंद! हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं, आणि पूर्वपक्ष लिहायला घेतला नसता तर आलंही नसतं.

पत्र दीड पानाचं झालं. 'अन्याय' हा शब्द त्यात एकदाही नव्हता.

मोठ्या बाईंनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढून विचारलं, "प्रयोगशाळा सकाळी उघडणार कोण? शिपाई अकराला येतो." मुलं एकमेकांकडे बघायला लागली. या प्रश्नाचं उत्तर पत्रात नव्हतं. मी मनातल्या मनात स्वतःच्या डोक्यावर टपली मारली. बाई थोडा वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, "ते मी बघते. पण पुढच्या वेळी हा प्रश्न मी विचारायच्या आधी तुम्ही विचारलेला असू दे."

आठवड्यातून तीन दिवस, साडेदहा ते बारा, प्रयोगशाळेत जादा तास सुरू झाले. पूर्ण विजय नाही. मुलांनी रोजचा तास मागितला होता. दिव्यांसाठीचं दुसरं पत्र अजून फिरतंय. पण १९च्या १९ मुली तासाला येतात.

सांगाडा, साचा नव्हे

हे सगळं मी गोड गोड करून सांगतेय असं वाटेल, म्हणून थोडा कडू भाग. मत, कारण, पुरावा, पूर्वपक्ष, शेवट, हा क्रम शिकवला की काही मुलं त्याचंच गाईड करतात. 'माझे मत असे आहे. त्याची तीन कारणे आहेत. पहिले कारण...' असे रेल्वेच्या उद्घोषणेसारखे निबंधही मी वाचलेत. म्हणून आता सांगते, हा सांगाडा आहे. हाडं लागतातच, पण ती बाहेर दिसली तर माणूस आजारी आहे असं समजावं. क्रम बदला, पूर्वपक्षानं सुरुवात करा, काहीही करा. फक्त एखादं हाड गायब नको.

आणि आपलं काय? मॅकिन्झीत काम केलेल्या बार्बरा मिन्टो यांचं 'पिरॅमिड प्रिन्सिपल' कन्सल्टिंगवाल्यांना पाठच असतं : निष्कर्ष आधी सांगा, आधार मागून. अ‍ॅमेझॉनच्या जेफ बेझोस यांनी तर २००४मध्ये बड्या अधिकाऱ्यांच्या मीटिंगमधून पॉवरपॉइंट हद्दपार केलं आणि सलग वाक्यांत लिहिलेली टिपणं आणायला लावली. कारण बुलेट पॉइंटच्या मागे कच्चा विचार लपून राहतो, पूर्ण वाक्यात तो उघडा पडतो. थोडक्यात काय, कोट्यवधींचा पगार घेणाऱ्यांनाही नववीचा निबंध चुकत नाही!

खिडकीजवळची ती मुलगी आता दहावीत आहे. परवा वर्ग सुटल्यावर ती थांबली. म्हणाली, "ताई, मला अकरावीला सायन्स घ्यायचंय. घरी सांगायचंय. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, सगळं तयार आहे."

"मग अडलंय कुठे?"

"पूर्वपक्षात," ती म्हणाली, "आमची आजी आहे."

पुढच्या शनिवारी आम्ही आजीच्या बाजूनं लिहायला बसणार आहोत. आधी आजीला 'हो, मला हेच म्हणायचंय' असं वाटलं पाहिजे. मग बघू.

चौकट
पाठवायच्या आधी तपासा : निबंध, मेल किंवा घरचा वाद

• मत एका वाक्यात सांगता येतंय का? त्यात 'कारण' आहे का?
• शहाणा माणूस याला 'नाही' म्हणू शकतो का? शकत नसेल, तर वाद कशाला घालताय?
• कारणं खरंच वेगळी आहेत, की एकच कारण कपडे बदलून आलंय?
• पुरावा आणि मत यांच्यातला पूल भक्कम आहे, की फवारणीची गाडी आहे?
• समोरच्याचं म्हणणं त्यालाही मान्य होईल असं मांडलंय का?
• शेवटी कुणी, काय, कधी करायचं, ते लिहिलंय का? 'कृपया विचार व्हावा' हे उत्तर धरलं जाणार नाही!